गंजगोलाईतलं खडेमीठ

लातूरच्या गंजगोलाईत माझ्या लहानपणी खडेमिठाची पोती रात्रभर दुकानाबाहेरच पडून असत. मीठ कोण चोरणार? पावसात पोतं पाझरायचं. आई ते मीठ धुऊन बरणीत भरायची. पुढं डॉक्टर होऊन लातूर-नांदेडकडचे पेशंट तपासू लागले, तेव्हा या मिठाचा मेंदूशी संबंध ध्यानात आला.

त्या साध्या मिठात आयोडीन जवळजवळ नसायचंच. थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही आणि पोटातल्या बाळाचा मेंदू त्या संप्रेरकावर घडतो. मोठ्यांमध्ये ते कमी पडलं की विसरभोळेपणा येतो, मन उदास होतं, बोलणं जड होतं, हातांना मुंग्या येतात. लंडनच्या डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४९ साली तर याच आजारानं भ्रमिष्ट झालेल्या रुग्णांची नोंद केली. थायरॉइडचा अर्क दिल्यावर त्यातले बरेचजण सावरले.

रक्ततपासणी हाताशी नव्हती तेव्हा आमची भिस्त हातोडीवर. बाईला खुर्चीवर गुडघे टेकून उभं करायचं आणि टाचेमागच्या कंडरेवर हलका ठोका द्यायचा. पाऊल झटक्यात हलायचं, पण जागेवर यायचं अगदी दमानं. थायरॉइड मंदावल्याची ही खूण. शेजारी सासू म्हणायची, “काही नाही हो, आळशी झालीया.” आळस पायाच्या ठोक्यात दिसत नसतो.

मिठाचा उपाय भारतीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी यांनी तपासला. त्यांनी १९५६ पासून हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त, तर एका भागाला साधं मीठ देऊन पाहिलं. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड, म्हणजे थायरॉइडची गळ्यावरची सूज, घटले. १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, पण त्याचा भर बराच काळ हिमालयाच्या पट्ट्यावर राहिला. सगळ्या देशाला आयोडीनयुक्त मीठ द्यायचं धोरण ऐंशीच्या दशकात ठरलं. खाण्यासाठी साधं मीठ विकायला १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. पोत्याची जागा हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलेल्या आयोडीनयुक्त मिठाच्या पुड्यानं घेतली.

मात्र मोठ्यांचा थायरॉइड आज बऱ्याचदा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यानं मंदावतो. तिथं मीठ पुरत नाही, रोजची गोळीच लागते. म्हणून सांगते : आयोडीन टिकावं म्हणून मिठाची बरणी झाकून ठेवा, दिवस गेल्याबरोबर थायरॉइड तपासा, बाळंतपणानंतर बाळाच्या टाचेतल्या रक्ताची तपासणी मागून घ्या. आणि कुणालाही ‘मंद’ म्हणण्याआधी एकदा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून पाहा.