परकोटाबाहेरचे घर

अमरावतीचा इतिहास सांगताना अंबादेवी, कापूस आणि परकोट हटकून येतात. नागपुरी गेटबाहेर वलगाव रस्त्याने पसरलेल्या वस्त्या मात्र त्यात येत नाहीत. वास्तविक पाहता आपल्या कितीतरी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या याच वस्त्यांत गेल्या आहेत.

पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये परकोट बांधायला घेतला. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. त्या काळी भिंतीच्या आत घर असणे म्हणजे सुरक्षित असणे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. साहेबांचे बंगले भिंतीबाहेर, कॅम्पात उभे राहिले. पुढे रेल्वे आली, सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने आले. अकोल्यातही हेच घडले. असदगडाच्या आसऱ्याने वसलेले जुने शहर मोर्णेच्या पश्चिमेला राहिले आणि इंग्रजी कचेऱ्या, रेल्वे स्टेशन पलीकडे ताजनापेठेच्या बाजूला वाढले.

आपली माणसे बाहेर पडली ती बंगल्यासाठी नव्हे, जागेसाठी. माझ्या आजीचे सासर परकोटाच्या आत होते. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, पुढे ओसरी, मागे मोरी आणि एका चुलीवर चार भावांचा संसार. मुले मोठी झाली तशी ओसरीला भिंत घालून खोली झाली. पुढच्या लग्नाला तीही जागा उरली नाही. मग कुणी शेतात पाडलेल्या ले-आउटमध्ये प्लॉट घेतला, आधी टिनाची खोली उभी केली, स्लॅब पडायला पंधरा वर्षे लागली. प्लॉटचे पैसे आजीच्या बांगड्यांचे होते. कागदावर नाव आजोबांचे लागले.

खरा प्रश्न या कागदाचाच आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घर-जमिनीची विक्री नोंदणीकृत खताशिवाय पुरी होत नाही. तरी शहरांच्या कडेला कितीतरी प्लॉट साध्या स्टॅम्प पेपरवर विकले गेले. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा झाला. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट बसत होते. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. जुन्या तारखेचा पुरावा ज्याने जपला, त्याचेच काम सोपे झाले.

आणखी एक अडचण खास आपली आहे. तोंडी हिबा मुस्लिम कायद्याने वैध ठरतो. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा मिळावा, एवढे पुरते. पण साक्षीदार मातीआड गेले की नातवंडांच्या हाती काय उरते? भांडण. त्यात पहिला हक्क बुडतो तो लेकींचा. शरीअतने दिलेला वाटा तोंडी कबूल होतो, नोंदीत मात्र फक्त भावांची नावे चढतात.

म्हणून घरातली पत्र्याची पेटी एकदा उघडून पाहावी. खरेदीखत, कराच्या पावत्या, मिळकत पत्रिका, उर्दूतली जुनी याददाश्त, सारे एकत्र लावावे. मोडीतला कागद निरुपयोगी म्हणून फेकू नये, जाणकाराकडून वाचून घ्यावा. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून घर कुणाच्या पैशाने उभे राहिले तेही लिहून ठेवावे. आमच्या शाळांतल्या मुलांनी सुट्टीत एवढे केले, तरी मोहल्ल्याचा इतिहास तयार होईल. परकोटाच्या दगडांची नोंद सरकारी गॅझेटिअरने ठेवली. आपल्या विटांची नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.