घाटावरचं पाणी, खाडीतला मासा

खोपोलीला १९१५ साली टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. इंद्रायणीतून भीमा, मग कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली येऊन पाताळगंगेत पडू लागलं. १९२२ पासून कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही तेच. तिथलं पाणी उल्हासला मिळतं. पाताळगंगा खालापूरच्या भातखाचरांशेजारून धरमतरच्या खाडीत जाते. मला यात एक प्रश्न कायम खुणावतो. खाडीतल्या माशाच्या अंगात आमच्या भाताचा काही अंश असेल का?

माशाचं पोट चिरून पाहिलं तर त्याचं कालचं जेवण कळतं. मांसात मात्र कित्येक आठवड्यांचा हिशेब असतो. कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार आहेत, १२ आणि जरा जड असा १३. वनस्पतींच्या जातीप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं. कॅलटेकमधल्या डीनिरो आणि एपस्टाईन यांनी प्राण्यांना प्रमाण माहीत असलेलं खाणं देऊन पाहिलं आणि १९७८ मध्ये दाखवून दिलं, की अन्नाचं प्रमाण थोड्याफार फरकाने शरीरात उतरतं.

याचा पहिला फटका एका लाडक्या गोष्टीला बसला. तिवरांची पानं गळतात, कुजतात, ती कोळंबी-खेकडे खातात आणि त्यांना मासे, ही साखळी १९७० च्या सुमारास फ्लोरिडात ओडम आणि हील्ड यांनी मांडली होती. तिवरं वाचवू पाहणाऱ्यांना आयता मुद्दा मिळाला. मग १९८४ मध्ये मलेशियातली मोजणी आली: तिवरांमधल्या प्राण्यांत पानांचा कार्बन होता, बाहेरच्या समुद्रातल्यांत नव्हता. पुढे गोदावरीच्या मुखाशी बेल्जियम आणि विशाखापट्टणमच्या संशोधकांना तळातल्या जिवांचं मुख्य अन्न सूक्ष्म शैवाल असल्याचं दिसलं.

म्हणून तिवरं तोडायची? मुळीच नाही. माशांची पिल्लं त्या मुळांत लपून वाढतात, किनाऱ्याची माती तीच धरून ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ ला राज्यभर तिवरतोड थांबवली, ते योग्यच झालं. पण भराव घालणाऱ्यांशी भांडताना ‘मासे पानांवर जगतात’ हे वाक्य पुढे करू नये. ते पहिल्याच उलटतपासणीत पडेल, आणि त्याच्यासोबत आपले खरे मुद्देही.

भाताचं काय? इथे गंमत आहे. समुद्री शैवालाचा आकडा साधारण उणे २१ असतो, तिवराचा उणे २८, आणि भाताचाही उणे २८! खालापुरात ज्वारी होत असती तर काम सोपं होतं, तिचा उणे १२. नुसत्या कार्बनवरून भाताचा पेंढा आणि तिवराचं पान वेगळं काढता येत नाही. मग गंधक मोजावं लागतं, कारण समुद्राच्या पाण्यातलं गंधक जड असतं. नायट्रोजनही मोजतात. अन्नसाखळीच्या दर पायरीला तो दर हजारी साधारण ३.४ ने चढतो, शिवाय सांडपाण्यातला नायट्रोजन बहुधा जड निघतो. त्यामुळे शेताच्या आधी गावाचं गटारच माशात दिसण्याची शक्यता जास्त. आणि या तपासणीला फार मासळी लागत नाही. पावसाळ्याआधी कर्जतच्या बाजारात सुका बोंबील येतो, त्याची मिलिग्रॅमभर पूड पुरते.