मिथेन मोजला कुणी? कचराभूमीच्या नियमांचा पंचवीस वर्षांचा हिशोब

मंडळी, डंपिंग ग्राउंडचा विषय निघाला की आपण वास, आग आणि टेंडर यांवर बोलतो. आज जरा वेगळ्या गोष्टीवर बोलू. आपल्या नियमांमधल्या एका आकड्यावर. तो आकडा आहे २५ टक्के.

कचराभूमीवर मिथेन वायूचं प्रमाण ‘स्फोटाच्या किमान मर्यादेच्या’ २५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असं आपला नियम सांगतो. सोप्या भाषेत सांगायचं तर हवेत मिथेन साधारण ५ टक्के झाला की ठिणगी पडताच भडका उडतो. या ५ टक्क्यांचा चौथा हिस्सा म्हणजे सव्वा टक्का. तेवढ्यापर्यंत चालेल, त्यापुढे नाही.

नियम चांगलाच आहे. ढिगावर काम करणारे कचरावेचक, डंपरचे ड्रायव्हर, शेजारची वस्ती यांचा जीव वाचावा म्हणून तो आहे. पण नीट बघा, हा नियम वायू किती दाट आहे ते विचारतो. किती टन वायू आकाशात गेला, ते विचारतच नाही. खाडीकाठच्या उघड्या जागेवर वारा सुटला की वायू पातळ होतो आणि चाचणी पास होते. हवेत गेलेला वायू मात्र गेलेलाच असतो. आणि १०० वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो, २० वर्षांच्या हिशोबाने ८० पटींच्या आसपास.

हे असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२४ मार्च १९८६. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातलं लॉस्को नावाचं गाव. तिथली विटांच्या मातीची जुनी खाण घरगुती कचऱ्याने भरून वरून माती दाबली होती. त्या दिवशी हवेचा दाब झपाट्याने उतरला, जमिनीखालचा वायू खडकाच्या फटींतून सरकत शेजारच्या घराखाली जमला आणि घर उडालं. तीन माणसं जखमी झाली, नशिबाने कुणी दगावलं नाही. पुढे १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये कचराभूमीतल्या वायूच्या नियंत्रणासाठी सरकारी मार्गदर्शिका निघाली. म्हणजे हा वायू सरकारांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरला तो स्फोटामुळे, हवामानामुळे नव्हे.

पुढच्या दहा वर्षांत दोन वाटा निघाल्या. अमेरिकेने १९९६ मध्ये मोठ्या कचराभूमींना वायू गोळा करण्याची सक्ती केली. नुसती पाइप टाकून सुटका नाही. हातात यंत्र घेऊन ढिगावर ठरावीक अंतराने फिरायचं आणि पृष्ठभागावर मिथेन ५०० पीपीएमच्या वर सापडला तर दुरुस्ती करायची. युरोपने १९९९ मध्ये दुसरी वाट धरली. तिथे वायू पकडायचा होताच, पण त्याआधी कुजणारा कचरा खड्ड्यात जाणंच कमी करायचं होतं. १९९५ मध्ये जेवढा जात होता, त्याच्या ३५ टक्क्यांवर आणायचा, टप्प्याटप्प्याने आणि तारखा ठरवून.

आता आपल्याकडे या. १९९४ च्या सुरतच्या प्लेगने देशाला कचऱ्याकडे बघायला लावलं. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. १९९८ मध्ये न्यायालयाने कोलकात्याचे तेव्हाचे पालिका आयुक्त असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली आणि मार्च १९९९ मध्ये अहवाल आला. त्यातला सल्ला आजही वाचण्यासारखा आहे. कचरा घरातच वेगळा करा, दारोदार उचला, ओल्याचं खत करा आणि जमिनीत फक्त तेवढंच गाडा ज्याचं दुसरं काहीच होत नाही.

खरं तर मिथेनवरचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच होता. मिथेन होतो कसा? भाजीची देठं, उरलेला भात, फळांची सालं ढिगाच्या खाली दाबली जातात, तिथे हवा पोचत नाही, पावसाचं पाणी मुरतं आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. तोच ओला कचरा हवा लागू देऊन कुजवला तर खत होतं आणि मिथेन अगदी थोडा निघतो. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्याचा. तो ढिगावर गेलाच नाही तर वायूचा प्रश्न तिथेच निम्म्याहून अधिक सुटतो.

समितीच्या सल्ल्यावरून २५ सप्टेंबर २००० ला केंद्राचे नियम आले. ओला कचरा गाडू नका, हे त्यात लिहिलेलं आहे. वायू गोळा करण्याची यंत्रणा बसवा, तो वापरा, नाहीतर जाळून टाका, थेट हवेत सोडू नका, हेही आहे. पण यंत्रणा कशासाठी? तर दुर्गंधी कमी व्हावी, वायू बाहेर पसरू नये आणि वर लावलेली झाडं जगावीत यासाठी! आणि वापरणं किंवा जाळणं शक्य नसेल तर नुसती पाइप लावून वायू हवेत सोडायला परवानगी. पळवाट नियमातच ठेवलेली. प्रक्रिया प्रकल्प उभारायची मुदत होती ३१ डिसेंबर २००३. ती कशी पाळली गेली ते तुम्ही आपापल्या गावाच्या वेशीवर जाऊन बघू शकता. २०१६ मध्ये नवे नियम आले, त्यातही वायूची भाषा जवळपास तीच राहिली.

सक्तीने जे झालं नाही ते एका ठिकाणी पैशाच्या आमिषाने झालं. बोरिवलीजवळच्या गोराईला १९७२ पासून कचरा पडत होता. सुमारे २० हेक्टर जागा, २३ लाख टनांच्या वर कचरा. न्यायालयाच्या आदेशानंतर ही जागा बंद करून शास्त्रीय पद्धतीने झाकली, वायू गोळा करून जाळायची सोय केली. पैसे कुठून आले? मिथेन अडवला तर क्योटो कराराखाली कार्बन क्रेडिट मिळत होतं आणि त्यापोटी आशियाई विकास बँकेने आगाऊ रक्कम दिली. काम चांगलं होतं यात वाद नाही. पण २०१२ च्या सुमारास क्रेडिटचे भाव कोसळले आणि इतर शहरांसाठी हे आमिषच संपलं. बाजारभावावर उभं केलेलं धोरण भाव पडला की बसतं.

देवनारची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. पालिकेच्या हिशोबाने १९२७ पासूनची जागा. २००७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या कार्यक्रमातून तिथे विहिरी खणून वायूची पंप-चाचणी झाली, म्हणजे ढिगात काय दडलंय हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. जानेवारी २०१६ च्या अखेरीस ढीग पेटला, धूर उपग्रहातून दिसला, गोवंडी-मानखुर्दच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महिन्याभरात उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या. ती बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिथिल केली. एवढा गाजावाजा झाला, पण मिथेन किती टन, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

तो प्रश्न विचारला नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी. २०२२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपग्रहांनी ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांच्या कचराभूमी तपासल्या. मुंबईत कांजूरमार्गमधून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचा अंदाज आला. दिवसाचे साधारण २३५ टन. दिल्लीच्या गाझीपूरचा आकडा तासाला २.६ टन होता. आता यातली मेख बघा. गाझीपूर हा उघडा ढीग. कांजूरमार्ग ही आपली ‘शास्त्रीय’ कचराभूमी, खाली अस्तर असलेली, वायू गोळा करायची सोय असलेली. उपग्रहाचा आकडा हा अंदाजच असतो, ढगाळ दिवशी त्याला काही दिसत नाही, हे सगळं मान्य. मग जमिनीवरून रोज मोजून खरा आकडा पुढे ठेवावा! विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले लोक वर्षानुवर्षं नाक दाबून जे सांगताहेत, ते सांगायला उपग्रह का लागावा?

हे आत्ताच का लिहितोय? कारण २०२५ मध्ये पालिकेने देवनारचा १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत उपसायचं सुमारे २,३६८ कोटींचं टेंडर काढलं आणि त्यातली सव्वाशे एकरांच्या आसपास जमीन धारावी पुनर्विकासासाठी ठरली आहे. जुना ढीग फोडला की आत कोंडलेला वायू बाहेर येतो. जागच्या जागी झाकलेल्या कचराभूमीवर १५ वर्षं देखरेख करा आणि वायू, पाणी, जमीन तपासल्यावरच वस्तीचा विचार करा, असं नियमच सांगतो. ढीग उपसून रिकाम्या केलेल्या जमिनीबद्दलही तोच प्रश्न विचारायला हवा, कारण तिथे माणसं राहायला जाणार आहेत आणि ती बहुधा गरीब माणसं असणार आहेत.

म्हणून आपल्या नगरसेवकाला, वॉर्ड ऑफिसला तीन साधे प्रश्न विचारा. मुंबईच नव्हे, पुण्याच्या उरुळी-फुरसुंगीलाही हेच लागू आहे.

एक, आपल्या कचराभूमीतून वर्षाला किती टन मिथेन निघतो आणि तो आकडा कुठे प्रसिद्ध होतो?

दोन, ओला कचरा ढिगावर जाणं किती कमी करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत?

तीन, उपसताना आणि उपसल्यावर वायूची मोजणी कोण करणार? ठेकेदार स्वतः की दुसरं कुणी?

तज्ज्ञांनी १९९९ मध्ये दिलेला सल्ला काही अवघड नव्हता. दोन डबे आणि एक खतखड्डा, एवढीच त्याची सुरुवात होती. तो नियमात आला, पण त्याला मोजमाप जोडलंच नाही. आणि जे मोजलं जात नाही, त्याचा जाब कुणी कुणाला विचारू शकत नाही.

पोस्ट लांबली, पण विषय तसाच आहे. तुमच्या भागातल्या कचराभूमीवर वायू तपासणीचे फलक किंवा अहवाल पाहिले असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा.