धान घरात, मग नाटक

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की शहरातल्या माणसाला सण संपल्याची हुरहूर लागते. झाडीपट्टीत मात्र भाऊबीजेला खरी सुरुवात होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तोवर तो चंद्रपुरातच मोडे. तेथे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. हा मोसम थेट होळीपर्यंत चालतो.

मराठी नाटकाचा इतिहास आपण १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’पासून मोजतो. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, १९१३ मध्ये गंधर्व कंपनी निघाली, आणि १९३२ नंतर बोलपटाने या फिरत्या कंपन्यांची बिऱ्हाडे एकेक करून मोडली. बिऱ्हाड हा शब्द मुद्दाम वापरला आहे. या कंपन्या मोठा संसार पाठीशी बांधून फिरत. मुक्काम, दिवाबत्ती, जेवणावळी, सारे मालकाच्या शिरावर. प्रेक्षक आला नाही की मालक बुडाला.

झाडीत कंपनी टिकली. तेथला मालक अधिक शहाणा होता, असे नव्हे. तेथे नाटक ठरवते गाव, आणि नफ्यातोट्याचा धनीही गावच. पूर्वी दंडार आणि खडी गंमत ही गावचीच पोरे करीत. पुढे त्यांनीच तोंडाला रंग लावून नाटके बसविली. व्यावसायिक कंपन्या आल्या तरी यजमानपण गावाने सोडले नाही.

या यजमानपणाचा पहिला नियम तारखेचा. हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, भारी धान त्यानंतर. मंडया पहिल्या कापणीच्या मागोमाग, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, दुसरे धान घरात आल्यावर. हातात पैसा आणि अंगाला उसंत एकदमच मिळते. शिवाय शेजारच्या गावाचा दिवस टाळायचा, कारण प्रेक्षक त्याच गावचे आणि पाहुणेही तेच. आजच्या मोठ्या व्यापारी कंपन्या आपले सोहळे आखायला पगारी माणसे ठेवतात. पण कोणता दिवस लोकांना सोयीचा, एवढे कळायला झाडीतल्या म्हाताऱ्याला धुऱ्यावर उभे राहून धानाचा रंग पाहिला तरी पुरते.

तारीख ठरली की मंडळाची माणसे वडशाला जातात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, वैनगंगेकाठचे गडचिरोली जिल्ह्यातले गाव. जिल्ह्याला दीर्घकाळ रेल्वेचे स्थानक होते ते एवढेच. गाडीची सोय, पलीकडे ब्रह्मपुरी, चहूकडे रस्ते, म्हणून नाट्यकंपन्यांची कार्यालये तेथेच थाटली. पाट्या वाचीत फिरायचे, नाटक कोणते, विनोदी नट कोण, गायिका कोण हे विचारायचे, बिदागी ठरवायची आणि विसार द्यायचा. या सौद्यात मंडळी नटापेक्षाही विनोदी पात्राची चौकशी अधिक करतात, हे आपल्या टीकाकारांना रुचणार नाही. पण पहाटेपर्यंत जागवायचे म्हणजे हसवणारा माणूस हवाच. नाटकाची भाषा बहुतांशी पुस्तकी मराठी. खरा हशा पिकतो तो विनोदी पात्र झाडीबोलीत बोलू लागते तेव्हा.

मग मैदान. कापलेल्या बांधीची माती खणून रंगमंचासाठी भर घालायची. खोलगट झालेल्या जागेत माणसे बसली की मागच्यालाही पुढचे दिसते. नाट्यगृह बांधायला शिल्पकार लागला नाही, आणि पावसाळ्यात त्याच बांधीत पुन्हा रोवणी! भोवती कनात, दाराशी तिकीट. ज्यांच्याकडे मंडई असते त्यांच्या घरी लेकी-जावई, सोयरे येतात. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात कितीतरी घरांत सोयरीक जुळते. लग्नाच्या वयाची पोरगी घरात असलेल्या बापाला नाटकाच्या नावापेक्षा पाहुण्यांची यादीच जास्त महत्त्वाची वाटत असेल, तर त्यात नवल काय?

एवढे जमवूनही अवकाळी पावसाची एक सर आली तर बिछायत भिजते, तिकिटे पडून राहतात, आणि बिदागीचे उरलेले पैसे मात्र द्यावेच लागतात. फायदा झाला तर देवळाला किंवा शाळेला उपयोगी पडतो. तोटा मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून भरायचा. त्याहून जड जाते ते नाव. ‘त्यांच्याकडे नाटक पडले’, हे शेजारी गावे लवकर विसरत नाहीत.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना बंदी केली तेव्हा पट थांबले, नाटके थांबली नाहीत. मे २०२३ मध्ये शर्यतींना अनुमती देणारा कायदा न्यायालयाने वैध ठरविला. मधल्या काळात करोना आला. माणसे जमविण्यालाच बंदी, तेथे मंडई कसली! वडशाच्या नटांना, वादकांना आणि पडदे लावणाऱ्या गड्यांना त्या मोसमात काय सोसावे लागले, ते सांगायला नको. रोजच्या प्रयोगावर ज्याची चूल पेटते, त्याला गेलेला मोसम उसना मिळत नाही.

गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आठशेहून अधिक भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग, असा त्यांचा हिशेब सांगतात. असे हजारो प्रयोग होतात ते एका रात्री एक गाव करीत. उजाडता उजाडता शेवटचा पडदा पडतो, नटमंडळी अर्धवट रंग पुसून गाडीत झोपतात आणि गाडी पुढच्या गावाला निघते. मागे मंडळाची माणसे कनातीच्या दोऱ्या सोडतात, आणि कोणीतरी चावडीवर गल्ला मोजायला बसलेला असतो.