थिअरी : जत्रा पाहणाऱ्याचा शब्द

‘थिअरी’ म्हटलं की वर्गातला फळा आठवतो. पण मूळ ग्रीक ‘थिओरिया’ म्हणजे पाहणं. ऑलिंपिया, डेल्फीच्या देवोत्सवांना ग्रीक नगरं आपले दूत धाडत. ते ‘थिओरॉस’. बळी, खेळ डोळे भरून पाहायचे आणि परतून गावाला सांगायचे. पुढे प्लेटोने तत्त्वज्ञाच्या पाहण्यालाही हाच शब्द जोडला. आपलं ‘दर्शन’ही असंच: विठ्ठलाचं घ्यायचं तेही दर्शन, सांख्यांचं तत्त्वज्ञान तेही दर्शन.

वारीत टाळ सगळ्यांनाच ऐकू येतात. त्यात भक्ती पाहायची, जातीची उतरंड की दिंड्यांचा क्रम, हे थिअरी ठरवते. ‘धर्म’ ही संकल्पनाच अभ्यासकाने घडवलेली, असं धर्माभ्यासक जोनाथन स्मिथ यांनी १९८२ साली मांडलं. म्हणूनच थिअरीसाठी ‘सिद्धांत’ हा प्रतिशब्द मला खटकतो; त्यातल्या ‘अंता’त पाहणं संपतं. धर्माभ्यासात तरी ‘दृष्टी’ म्हणा.