पालेमोड आणि कपातींचा गुणाकार

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी मुलखातील सावकारी खावटीवर उभी होती. साखरशेतसारख्या गावांत शेती पावसावरची आणि पिके भात, नागली, वरई ही. सुगीला भरलेली कणगी पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिकामी होई. अशा वेळी पोटासाठी उचललेले धान्य किंवा पैसे म्हणजे खावटी. तिची फेड दोन रीतींनी होत असे. दिढीत एका मणाचे सुगीला दीड मण द्यावे लागत. पालेमोडीत उभे पीक किंवा डोंगरावरचे गवत आगाऊच, पडत्या भावाने व्यापाऱ्याला बांधले जाई.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, तर मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील पेटा (पोटतालुका). १९३६ च्या आदेशाने मोखाडा ‘अंशतः वगळलेल्या’, म्हणजे प्रांतिक कायदे आपोआप लागू न होणाऱ्या क्षेत्रांत गेला. या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीबद्दल सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला अहवाल दिला. त्यात सावकारी आणि वेठ (सक्तीची मजुरी) या दोन्हींची नोंद आहे.

पालेमोडीत नुकसान भावावर थांबत नसे. मापात कडता, म्हणजे वजनातील सूट, कापला जाई आणि मोबदल्यात रोकड न देता मीठ, कापड यांसारखा माल चढ्या दराने गळ्यात घातला जाई. या साखळीचा हिशोब व्यापारी गणितातील लागोपाठच्या सुटींसारखाच होतो. समजा, बाजारात धान्य मणाला १० रुपये आहे. भावात शेकडा ४० कमी केले की ६ रुपये उरतात. वजनात शेकडा १० कडता गेला की ५ रुपये ४० पैसे आणि मालाच्या चढ्या दरात आणखी शेकडा १० बुडाले की ४ रुपये ८६ पैसे. टक्क्यांची बेरीज ६० येते, पण खरी कपात शेकडा ५१.४ आहे, कारण प्रत्येक कपात मागे उरलेल्या रकमेवर बसते. म्हणून उरलेल्या भागांचा गुणाकार करायचा: ०.६ × ०.९ × ०.९ = ०.४८६. कपातींचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते.

कपात बेरजेपेक्षा कमी भरली, तरी व्यापाऱ्याचा फायदा तिच्याहून मोठा असे. ४ रुपये ८६ पैशांत १० रुपयांचा माल मिळाला, म्हणजे काही महिन्यांत पैसे दुपटीहून अधिक झाले. दिढीत गुणाकार उलट्या दिशेने चाले. थकलेला एक मण पहिल्या सुगीला दीड, तर दुसऱ्या सुगीला सव्वादोन मण होई.

१९४५ मध्ये शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी लढा उभारला. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतरच्या सरकारी उपायांनी सावकारीच्या या साखळीच्या एकेका कडीवर घाव घातला. १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅमची प्रमाणित वजने आणली आणि कडत्याला आळा घालण्याचे साधन दिले. १९७२ मध्ये नाशिक येथे मुख्यालय असलेले आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या आदिवासी आर्थिक परिस्थिती सुधारणा कायद्याने एकाधिकार खरेदीचा पाया घातला आणि ठरलेल्या दराने खरेदीची सोय केली. पावसाळ्यातील उपासमारीच्या काळासाठी सरकारी खावटी कर्ज आले. भाव, माप आणि उधारी या तिन्हींवर उपाय लागले, कारण कोणतीही एक कपात शिल्लक राहिली तरी शेतकऱ्याच्या हाती उरणारा वाटा तितक्याच पटीने घटत असे.