सरासरीचा मनुष्य

वजनकाट्यावर मान खाली घालणाऱ्यांना ब्रुसेल्सचा केतले ठाऊक नसतो. हा मूळचा खगोलवेत्ता. १८३५ साली त्याने ‘सरासरी मनुष्य’ कल्पिला. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यास आढळले होते. प्रकृतीची परीक्षा हा त्याचा हेतूच नव्हता. तो समुदायाचे गणित मांडीत होता. किलोग्रॅमना मीटरच्या वर्गाने भागण्याच्या या रीतीचे आजचे नाव १९७२ सालचे, अॅन्सेल कीज यांनी दिलेले. १९९८ मध्ये अमेरिकेने जादा वजनाची सीमा २५ वर आणली आणि लक्षावधी माणसे तोळाभरही न वाढता लठ्ठांच्या पंक्तीला जाऊन बसली! (परिपत्रकाचा हा महिमा आम्हां कारकुनांस नवा नाही.) भारतीय वैद्यांनी २००९ साली २३ ही सीमा धरली, तीही सकारण: मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो. तथापि पहिलवानाचे स्नायू आणि शेठजींचे पोट यांतील भेद त्या अंकास कळत नाही. म्हणून जाणते वैद्य कमरेलाही फीत लावतात.